हवेला वाट हवी

घराचं फर्निचर करायला काढलं की हल्ली एक टेबल खास संगणकासाठी सांगितलं जातं. खोलीच्या मापाचं, दोन मॉनिटर शेजारी-शेजारी मावतील एवढं रुंद, वायरी लपवायला मागे पोकळी आणि एका बाजूला ‘सीपीयू’साठी दाराचा कप्पा. सुतार काम सफाईने करतो. पाऊणइंची प्लाय, वर सनमायका, कडांना पट्टी, दाराला आपोआप मिटणारी बिजागरी. वायरींसाठी मागच्या फळीत एक गोल भोक आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपी. टेबल देखणं होतं. मग कधीतरी संगणकावर जड काम सुरू होतं आणि कप्प्यातून घरघर ऐकू येऊ लागते. गेम अडखळतो, व्हिडिओ तयार व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि दार उघडलं की गरम झोत तोंडावर येतो.

यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण प्रोसेसरवरचा कूलर बदलतात किंवा कॅबिनेटमध्ये आणखी दोन पंखे बसवतात. ते पंखे उष्णता कॅबिनेटमधून काढून कप्प्यात टाकतात. कप्प्यातून ती खोलीत कशी जायची, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. म्हणून घरी करून घेतलेल्या टेबलात संगणक थंड ठेवायचा असेल तर टेबलालाच संगणकाचा शेवटचा कूलर समजावं लागतं. त्या कूलरचं काम एवढंच: हवेला आत यायची वाट द्यायची, बाहेर जायची वाट द्यायची आणि बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत शिरू द्यायची नाही.

उष्णता किती?

संगणक जेवढी वीज घेतो, जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. चिपमध्ये आकडेमोड होते, पंखे फिरतात, दिवे लुकलुकतात. पण त्या सगळ्या विजेचा शेवट उष्णतेतच होतो. त्यामुळे भिंतीवरच्या सॉकेटमधून ३०० वॅट घेणारा संगणक म्हणजे खोलीत चालू असलेला ३०० वॅटचा हीटर.

पत्रव्यवहार, ब्राउझर, हिशेबाचे तक्ते एवढंच काम असेल तर साधा डेस्कटॉप १०० वॅटच्या बराच आत राहतो. गेमिंग किंवा व्हिडिओ संपादनाचं यंत्र वेगळं. मध्यम दर्जाचं उदाहरण घेऊ. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेतं. त्यात मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पॉवर सप्लायमधली गळती धरली की आकडा ३०० वॅटच्या जवळ पोचतो. आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड तर एकटंच ४५० वॅटचं आहे. आपला संगणक खरोखर किती वीज घेतो ते प्लगमध्ये लावायच्या छोट्या वॅटमीटरवर दिसतं. टेबलाचं माप घेण्याआधी हा आकडा हाती असलेला बरा.

चिपपासून खोलीपर्यंत

उष्णतेचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. प्रोसेसरच्या चिपमधून ती वरच्या धातूच्या झाकणात येते. झाकण आणि कूलरचा तळ हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात. त्या खळग्यांत हवा राहिली तर उष्णता अडते, कारण हवा अतिशय मंद वाहक आहे. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. पुढे तांब्याच्या हीट पाइप असतात. त्या पोकळ असून आत थोडंसं पाणी कमी दाबाखाली बंद केलेलं असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते मूळ जागी परततं. अशा रीतीने उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांपर्यंत येते आणि पंखा तिथून ती हवेत सोडतो.

लिक्विड कूलिंगमध्ये हीट पाइपऐवजी पंप पाणी फिरवतो. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकतं, म्हणून बारीक नळ्यांतूनही काम भागतं. पण रेडिएटरपाशी पोचल्यावर त्यालाही हवाच लागते. रेडिएटर बंद कप्प्यात असेल तर महागडं लिक्विड कूलिंगही कप्प्यातली हवाच तापवत बसतं.

या साखळीत प्रत्येक टप्प्याला काही अंशांची भर पडते आणि ती भर खोलीच्या तापमानावर रचली जाते. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ वर असेल, तर तेच काम ३८ अंशांच्या खोलीत त्याला ७८ च्या आसपास नेईल. पंख्याने चिप कधीच खोलीपेक्षा थंड होत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरचा पारा ४५ ओलांडतो, तेव्हा घरातली सुरुवातच वरून होते. त्यावर कप्प्याचे आणखी १५-२० अंश चढवणं परवडत नाही. मोठ्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवावी, अशी अमेरिकेतल्या ‘अ‍ॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. घरात ते नेहमी जमणार नाही. पण ही शिफारस आत शिरणाऱ्या हवेबद्दल आहे, ही गोष्ट आपल्याही कामाची आहे.

तापमान वाढलं म्हणून संगणक लगेच बंद पडत नाही. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोचायच्या बेतात आला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे वेगवान यंत्रासाठी पैसे मोजायचे आणि कप्प्यात कोंडून ते हळू चालवायचं. हार्ड डिस्कची सहनशक्ती याहून कमी. बऱ्याच डिस्कना ६० अंशांची मर्यादा असते. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरबद्दल अभियंते एक ढोबळ नियम पाळतात: दर १० अंश वाढीमागे आयुष्य निम्मं.

बंद कप्प्यात काय होतं?

एक फूट रुंद, दोन फूट खोल आणि सव्वादोन फूट उंच असा नेहमीचा कप्पा घ्या. त्यात साधारण १२५ लिटर हवा मावते. ३०० वॅटची सगळी उष्णता केवळ या हवेला मिळाली तर ती दर सेकंदाला दोन अंशांनी तापेल. प्रत्यक्षात पत्रा, लाकूड, तांबं हेही उष्णता पितात, म्हणून वाढ मिनिटांच्या हिशेबाने होते. पण होते.

मग लाकडातून ती बाहेर जात नाही का? जाते, पण अगदी थोडी. प्लायवूड हा उष्णतेच्या बाबतीत चांगला निरोधक आहे. पोलाद त्याच्या शेकडो पट चांगलं वाहक असतं. आपल्या कप्प्याच्या सहाही बाजू मोकळ्या हवेत आहेत असं धरलं, तरी आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना त्यातून जेमतेम ४ वॅट बाहेर जातात. १०० वॅट घालवायचे तर आतली हवा खोलीपेक्षा २५ अंशांनी तापायला हवी. ३०० वॅटसाठी हाच हिशेब ७५ अंशांवर जातो. तिथवर पोचण्याआधी प्रोसेसर मंदावतो आणि दाराच्या फटींतून थोडी हवा निसटते, म्हणून टेबल वाचतं. भिंतीला टेकलेली बाजू आणि जमिनीवरचा तळ तर या हिशेबातून जवळपास वजाच करायचे.

अशा कप्प्यात कॅबिनेटचे पंखे मागून गरम हवा फेकतात, ती फळीला आपटून कडेने पुढे येते आणि पुढचे पंखे तीच पुन्हा ओढून घेतात. डोक्यावरून चादर ओढून झोपलेल्या माणसासारखी संगणकाची गत होते: श्वास चालू, पण हवा तीच. पंख्यांचा वेग वाढवला तर ही फेरी नुसती अधिक जोरात फिरते.

किती हवा लागते?

हवेने उष्णता वाहून न्यायची, तर किती वॅट आणि किती अंश वाढ चालेल, एवढ्या दोनच गोष्टी ठरवायच्या. कप्प्यातून बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १० अंश गरम चालेल असं धरलं, तर ३०० वॅटसाठी सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा लागते. म्हणजे आपल्या कप्प्यातली सगळी हवा दर पाच सेकंदांनी बदलली पाहिजे. ५ अंशांचीच वाढ हवी असेल तर हवा दुप्पट. १०० वॅटच्या साध्या संगणकाला याच्या एक तृतीयांश पुरते.

पंख्यांच्या खोक्यावर हा आकडा ‘सीएफएम’मध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असा छापतात. २६ लिटर म्हणजे अंदाजे ५५ सीएफएम. चांगल्या १२० मिलिमीटरच्या पंख्यावर ५० ते ६० सीएफएम लिहिलेलं दिसतं, म्हणून एकच पंखा पुरेल असं वाटतं. पण तो आकडा पूर्ण वेगाचा आणि पुढे-मागे काहीही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, फिल्टर आणि वायरींचा गुंता आला की निम्मी हवा मिळाली तरी पुष्कळ.

आता सुताराने ठेवलेलं वायरींचं भोक पाहू. ६० मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर. त्यातून सेकंदाला २६ लिटर हवा न्यायची तर तिला सेकंदाला ९ मीटरहून जास्त वेगाने पळावं लागेल. इतका दाब संगणकाचे पंखे देऊच शकत नाहीत, आणि त्या भोकात वायरी आहेतच. हवा सावकाश, सेकंदाला एखाद्या मीटरने जावी असं वाटत असेल तर २६० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागते, आत यायला तेवढी आणि बाहेर जायलाही तेवढीच. बाजारातल्या भोकांच्या पत्र्यात उघडा भाग बरेचदा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे ए-४ कागदाएवढी खिडकी कापून तिला असा पत्रा लावला तर हिशेब जमतो.

टेबलाची आखणी

सर्वांत सोपी सूचना मागच्या फळीबद्दल: ती लावूच नका. कप्प्याची मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा आणि टेबल भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर पुढे ठेवा. पैसेही वाचतात. मजबुतीसाठी आडवी पट्टी हवीच असेल तर ती कॅबिनेटच्या मागच्या पंख्यासमोर येणार नाही अशा उंचीवर घ्या.

दुसरी सूचना दाराबद्दल. दार हवं असेल तर चौकट प्लायची आणि मधला भाग जाळीचा करा. पितळी जाळी, भोकांचा पत्रा, वेताची विणलेली जाळी यांपैकी घराला शोभेल ते चालेल. वेत घट्ट विणलेला असतो, म्हणून त्याचं क्षेत्र जास्त घ्यावं. काचेचं दार मात्र हवेच्या दृष्टीने भिंतच.

तिसरी सूचना सहसा कुणी सांगत नाही, पण फरक तीच पाडते. कॅबिनेट आणि कप्प्याच्या भिंती यांमधली फट बुजवा. दाराच्या बाजूची हवा थंड आणि मागची गरम, असे कप्प्याचे दोन भाग करायचे. कॅबिनेटच्या कडेने फोमची पट्टी किंवा पातळ प्लायचा आडपडदा लावला की मागची गरम हवा पुढे येऊ शकत नाही. कॅबिनेट बाहेर काढता यावा म्हणून हा पडदा चिकटवून न टाकता दाबून बसवावा.

चौथी गोष्ट मोकळ्या जागेची. कॅबिनेटच्या पुढे ८-१० सेंटिमीटर सोडा. वरच्या बाजूला पंखे असतील तर वरही तेवढीच जागा ठेवा, आणि ती मागच्या गरम भागाला जोडलेली असू द्या. आडपडदा त्या पंख्यांच्या पुढे यायला हवा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय खालून हवा ओढतो. तिथे सलग फळीऐवजी पट्ट्यांचा तळ करा किंवा कॅबिनेटला उंच पाय द्या.

‘गरम हवा वर जाते, मग वर भोक ठेवलं की झालं’ हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. गरम हवा वर जाते हे खरं, पण दोन फुटांच्या उंचीत १० अंशांच्या फरकाने जो दाब तयार होतो तो एका पास्कलच्या पाव भागाहूनही कमी. साधा पंखा १० ते २० पास्कल देतो. त्यामुळे पंखे चालू असताना हवा कुठे जाईल ते पंखेच ठरवतात. वरचं भोक उपयोगी पडतं ते संगणक नुसता चालू ठेवून आपण उठून गेल्यावर, किंवा आत फक्त राउटरसारखं कमी विजेचं काही असेल तेव्हा.

काही हौशी लोक कॅबिनेटच काढून टाकतात आणि टेबलाच्या पृष्ठभागाखाली उथळ खोका करून त्यातच मदरबोर्ड मांडतात, वर कडक केलेली काच. तैवानच्या लियान ली कंपनीने अशी तयार टेबलंही काढली आहेत. दिसायला ती सुरेख, पण हवा आडवी वाहवावी लागते: एका बाजूने आत, मागून किंवा दुसऱ्या बाजूने बाहेर. मधल्या वाटेत वायरी आल्या तर कोपऱ्यात गरम हवा साचते आणि मनगटाखालची काच ऊबदार लागते.

पंखे

मागची बाजू उघडी आणि दाराला जाळी असेल तर टेबलाला वेगळे पंखे लागतीलच असं नाही, कॅबिनेटचे पुरतात. कप्पा थोडाफार बंदच ठेवायचा असेल तर मागे बाहेर फेकणारे दोन पंखे बसवा.

दोन का? पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज त्याहून कितीतरी जास्त उतरतो, साधारण १५ डेसिबलनी. म्हणून निम्म्या वेगाने फिरणारे दोन पंखे एका पूर्ण वेगाच्या पंख्याइतकी हवा देतात आणि आवाज सुमारे १२ डेसिबलनी कमी ठेवतात. मात्र निम्म्या वेगाला पंख्याचा दाब एक चतुर्थांशच उरतो. म्हणजे शांत पंखे चालवायचे तर खिडक्या मोठ्या हव्यात. अरुंद भोक ठेवलं की जोरात फिरणाऱ्या पंख्यांखेरीज इलाज राहत नाही. टेबलाचा आवाज मुळात सुताराच्या करवतीपाशी ठरतो.

पंखा थेट प्लायवर स्क्रूने आवळला तर फळीच कंप पावून गुणगुणते. मध्ये रबराचे तुकडे घाला. पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या पंख्याच्या पिनांना जोडली तर तापमानानुसार वेग बदलता येतो. चारपिनी पंखे यासाठी सोयीचे.

धूळ, कूलर, खारी हवा

जिथून हवा येते तिथून धूळही येते. ती हीट सिंकच्या पात्यांमध्ये नमदा होऊन बसते आणि सगळी आखणी निकामी करते. आत येण्याच्या एकाच जागी बारीक नायलॉनची जाळी लावा आणि ती सहज काढून धुता येईल अशी ठेवा. आत ओढणाऱ्या पंख्यांचा जोर बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित जास्त असेल तर फटींतून हवा बाहेर पडत राहते आणि धुळीला चोरवाटा मिळत नाहीत. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर खोली चांगली उतरवतो आणि त्याचा फायदा संगणकालाही होतो. फक्त त्याचा ओला झोत थेट कप्प्याच्या जाळीवर येऊ देऊ नये. कोकण-गोव्याकडे प्रश्न दमट, खाऱ्या हवेचा. समुद्राकडच्या खिडकीखाली संगणकाची हवा आत घेण्याची जागा ठेवली तर पिनांवर आणि स्क्रूंवर गंज लवकर चढतो. खोलीत एसी असेल तर हिशेब सोपा: एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला दहावा हिस्सा संगणकच खातो असं समजा.

कप्प्यातले बाकीचे रहिवासी

रिकामी जागा दिसली की त्याच कप्प्यात यूपीएस सरकवला जातो. यूपीएसमधली लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांमागे निम्मं आयुष्य गमावते. तिला वेगळा, उघडा कोनाडा द्या. अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्डही मागच्या गरम भागात कोंबू नयेत. ते टेबलाखाली जाळीच्या ट्रेमध्ये टांगले की हवेशीर राहतात. लॅपटॉप मिटून खणात ठेवायचा आणि काम मॉनिटरवर करायचं, ही पद्धत असेल तर खण सोडून उभा स्टँड घ्या. बरेचसे लॅपटॉप तळातून हवा घेतात आणि काही कळफलकाच्या फटींतूनही.

मोजून पाहा

टेबल कसं झालंय हे कळायला साधी चाचणी पुरते. एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान दाखवणारा मोफत प्रोग्रॅम घ्या. दार सताड उघडून नेहमीचं जड काम अर्धा तास चालवा, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान टिपा. मग दार लावून तेच काम पुन्हा अर्धा तास. खोलीचं तापमान दोन्ही वेळा सारखं हवं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दाराच्या बाजूचा दोष. ३-४ अंश असेल तर टेबल उत्तम. १० च्या पुढे असेल तर आत येण्याची वाट कमी पडते. दार उघडं असतानाही तापमान चढत असेल तर मागची वाट बंद आहे किंवा आडपडदा नाही.

टेबल आधीच झालेलं असेल आणि करवत चालवायची इच्छा नसेल, तर उष्णता मुळातच कमी करता येते. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं तरी त्या भागाची वीज सुमारे १९ टक्के घटते. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली आणणं किंवा गेममधल्या फ्रेम मॉनिटरच्या क्षमतेइतक्याच ठेवणं, हे उपाय फुकटचे आहेत.

टेबल अजून व्हायचं असेल तर सुताराला कागदावर पाच गोष्टी लिहून द्या: मागची फळी नाही, दाराला किमान ए-४ एवढी जाळी, तळाला पट्ट्या, भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर अंतर आणि कॅबिनेटभोवती काढता येणारा आडपडदा. ‘सीपीयूचा कप्पा’ एवढंच सांगितलं तर तो कपाटच करणार, कारण आयुष्यभर त्याने धूळ आत येऊ नये म्हणूनच कप्पे केले आहेत.